दोन केसपेपर

सरकारी दवाखाना असो की खाजगी, एक हाक सगळीकडे सारखीच ऐकू येते. "पेशंटबरोबर कोण आहे?" सिस्टर मोठ्यानं विचारतात आणि बाकावरून कुणीतरी पिशवी सावरत उठतं. औषधं आणायची, रिपोर्ट आणायचे, फॉर्मवर सही करायची आणि रात्री कॉटखाली चटई टाकून एक डोळा उघडा ठेवून झोपायचं, हे त्या माणसाचं काम. त्याला नाव नसतं. कागदावर तो 'नातेवाईक' असतो आणि हाक मारताना 'पेशंटबरोबरचे'.

मित्रांनो, पुढच्या वेळी दवाखान्यात जायची वेळ आली (येऊ नये, पण येते), तर त्या उठणाऱ्या माणसाकडे जरा नीट बघा. बऱ्याचदा तोच पासष्ट-सत्तरीचा असतो. त्याचेच गुडघे धरलेले असतात, त्यालाच मोतीबिंदू असतो आणि सिस्टरने सांगितलेली औषधाची वेळ त्यालाच ऐकू आलेली नसते. एक म्हातारं माणूस दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळत असतं आणि आपण सगळे पहिल्याकडे पाठ करून दुसऱ्याची चौकशी करत असतो.

आता कुणी म्हणेल, मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षीप्रमाणे 'ती', पाऊस आणि मेसच्या डाळीवर लिहायचं सोडून हा काय विषय काढलास? लिहीन की डाळीवर, पुढच्या वर्षी. यंदा हे लिहायचंय, कारण हॉस्टेलवरच्या निम्म्या पोरांच्या घरी हे चाललेलं आहे आणि त्याबद्दल कट्ट्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. एम-थ्रीमध्ये कोण उडालं ते सगळ्या विंगला माहीत असतं. कोणाच्या आजीला रात्री झोप नाही, हे त्याच्या रूमपार्टनरलाही माहीत नसतं.

मराठीत या माणसाला धड शब्दही नाही. 'काळजीवाहू' म्हणावं तर आपल्याकडे काळजीवाहू फक्त सरकार असतं. जपानी लोकांनी मात्र शब्द केलाय: 'रोरो काइगो'. म्हणजे म्हाताऱ्यानं म्हाताऱ्याची केलेली शुश्रूषा. तिथल्या सरकारच्या २०२२ सालच्या पाहणीत, एकाच घरात राहून आजारी माणसाला सांभाळणारी जी घरं होती, त्यांतल्या ६३.५ टक्के घरांत सांभाळणारा आणि सांभाळून घेणारा दोघंही ६५ च्या वरचे निघाले. शब्द आहे म्हणून मोजणी आहे, आणि मोजणी आहे म्हणून काहीतरी सोयही आहे. त्यांनी २००० सालीच दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला. त्यातून घरी मदतनीस येतो आणि आजारी माणसाला दिवसभर केंद्रात नेऊन ठेवता येतं.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसं १० कोटी ३८ लाख होती. आता ती किती वाढली असतील याचा अंदाज तुम्हीच करा. २०१९ साली देशात पहिल्यांदा 'टाइम यूज सर्व्हे' झाला, म्हणजे माणूस दिवसाचे चोवीस तास कशात घालवतो याची पाहणी. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. घरातल्यांची देखभाल हा आकडा वेगळा आहे, बायकांचा १३४ आणि पुरुषांचा ७६ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही आलं. पण एक लक्षात घ्या, मूल दिवसागणिक मोठं होतं आणि काम हलकं होत जातं. म्हाताऱ्या माणसाचं उलटं असतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची चक्क घटली. (मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, पण तिची कारणं वेगळी.) तरणी माणसं मुंबई, पुणे, डोंबिवली, विरार अशी गेली आणि गावी राहिले ते घर, कलमं आणि म्हातारे. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरतं, तेव्हा सगळं कसं छान दिसतं. सातव्या दिवशी गाड्या निघून गेल्या की मग खरं गाव दिसतं. एका घरात दोन माणसं असतात आणि त्यातलं एक आजारी.

आमच्या घरातली ती दोन माणसं म्हणजे आजी आणि आबा. आबा ७७ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. आता 'हो' आणि 'नको' या दोन्हीला त्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो आणि त्यातला कुठला कोणता ते फक्त आजीला कळतं. आजी ७१ वर्षांची. बाबा आणि काका मुंबईकडे नोकरीला, आत्या चिपळूणला. पैसे वेळेवर जातात, फोन रोज होतो, तेव्हा आमचं घर काही वाईट नाही. चारचौघांसारखंच आहे. म्हणूनच त्याचं उदाहरण घेतोय.

आजी पहाटे साडेचारला उठते. बंब पेटवते, आबांचं सगळं आवरते, चादर बदलते आणि त्यांना उशीला टेकवून बसवून चमच्याने चहा पाजते. घोट घोट, कारण ठसका लागला की श्वासनळीत जायची भीती. मग हातापायाचे व्यायाम. मग पेज. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते भरायचं. चादरी धुवायच्या, आणि पावसाळ्यात त्या वाळवायच्या! कोकणातल्या जुलैत चादर वाळवणं हा एक स्वतंत्र विषय आहे, कुणीतरी त्यावर पीएचडी करावी. दर दोन तासांनी आबांना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. 'दर दोन तासांनी' यात रात्रही आली. माझ्या जुन्या मोबाइलवर तिने अकरा, एक आणि तीन असे गजर लावून घेतलेत.

आता जरा मेकॅनिकलच्या भाषेत बोलू. आबांचं वजन ६२ किलो, आजीचं ४४. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी 'नायॉश' नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या सूत्राप्रमाणे सगळी परिस्थिती आदर्श असताना, म्हणजे वस्तू अंगाजवळ, चांगली पकड आणि कंबरेच्या उंचीवर असताना, २३ किलोच्या वर उचलू नये. पण माणूस म्हणजे खोकं नव्हे. तो मध्येच वळतो, निसटतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो. म्हणून पेशंट उचलण्यासाठी ही मर्यादा २००७ साली साधारण १६ किलो सुचवली गेली. तीही प्रशिक्षित नर्ससाठी, सत्तरीच्या आजीसाठी नव्हे.

कणा म्हणजे एक तरफ. पाठीचे स्नायू मणक्याच्या चकतीपासून साधारण ५ सेंटिमीटरवर ओढतात आणि वाकून उचललेलं ओझं ३५ सेंटिमीटरवर असतं. मोमेंट घ्या. १६ किलोला स्नायूंनी लावायचं बल ११२ किलोचं येतं, आणि यात तिच्या स्वतःच्या धडाचं वजन अजून धरलेलंच नाही. हे गणित फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सच्या पेपरला आलं तर आपण चार मार्कांसाठी पटकन सोडवू. घरी तेच गणित दिवसातून दहा वेळा चालू असतं. कारखान्यातल्या कामगारानं किती वजन उचलावं याबद्दल १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम होतं, कलम ३४. घराला कुठलं कलम?

गेल्या मे महिन्यात सुट्टीत आबांना तपासणीला न्यायचं होतं, तेव्हा मी बरोबर होतो. तालुक्याचा एक दवाखाना. रिक्षातून उतरवणं, व्हीलचेअर मिळवणं, रांग, सगळं झालं. डॉक्टरांनी आबांचं बी.पी. घेतलं, छाती तपासली, आजीला चार प्रश्न विचारले. झोप नीट लागते का, जेवतात का, शौचाला होतं का, गोळ्या वेळेवर देता का. ती पटापटा उत्तरं देत होती. हातात फाईल, चेहरा पांढराफटक, दुसरा हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला. मी म्हटलं, "डॉक्टर, हिचंही बी.पी. बघता का जरा?" ते म्हणाले, "त्यांचा केसपेपर काढलाय का?"

नियमाने त्यांचं बरोबरच होतं. बाहेर साठ माणसं बसली होती. मी पुन्हा रांगेत उभा राहिलो, पाऊण तासाने आजीच्या नावाचा केसपेपर काढला आणि मग तिचं बी.पी. घेतलं गेलं. १७६/१०४. डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. "गोळ्या चालू आहेत ना?" तर आजी म्हणाली, "आहेत की. एक दिवसाआड घेते. पुरवून पुरवून." आबांची एकही गोळी चार वर्षांत चुकलेली नाही. स्वतःची मात्र ती अशी वापरत होती, जशी आपण महिनाअखेरीस टूथपेस्ट वापरतो.

त्या दिवशी तो कागद काढला नसता तर काय झालं असतं, याचा विचार करा. आजीला झटका आला असता तर घरात दोन पेशंट आणि 'पेशंटबरोबर कोण आहे?' या प्रश्नाला उत्तर देणारं कोणीच नाही. आपण कुठल्याही सिस्टिममध्ये शिकतो की जो भाग बंद पडला की सगळं बंद पडतं, त्याला स्टँडबाय ठेवायचा. जनरेटरला ठेवतो, सर्व्हरला ठेवतो. आजीला नाही.

हे फक्त आमच्या घरचं रडगाणं नाही, त्यावर पद्धतशीर अभ्यास झालेले आहेत. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा पण भन्नाट प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि तशाच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते बघितलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. म्हणजे हा ताण नुसता मनात नसतो, तो कातडीपर्यंत उतरतो.

दुसरा अभ्यास १९९९ चा, पिट्सबर्गचा. ६६ ते ९६ वयाच्या जोडप्यांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. आजारी जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सांभाळायची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण यातली खरी गोष्ट पुढेच आहे. जे सांभाळत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात हा वाढलेला धोका दिसला नाही. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे सेवा करणं हे दुखणं नाहीच. एकट्याने, झोपेविना, स्वतःची गोळी एक दिवसाआड घेऊन करणं, हे दुखणं आहे. आणि यावर काहीतरी करता येतं.

मटेरियल सायन्समधला एस-एन कर्व्ह आठवतोय? (नसेल तर व्हायवाच्या आत आठवा, सर तोच विचारतात.) स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते, त्याखालचं ओझं कितीही वेळा द्या, तुकडा पडत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. ओझं लहान असलं तरी ते पुन्हा पुन्हा येत राहिलं की कधीतरी तडा जातो. आमच्या घरात सगळ्यांची पक्की समजूत की आजी स्टीलची आहे. "तिला काही होत नाही!" आणि तीही विचारलं की म्हणते, "मला काय धाड भरलीय!"

या समजुतीला खतपाणी घालतात ते कौतुक करणारे. घरी पाहुणे येतात. आबांच्या कॉटजवळ दोन मिनिटं उभे राहतात, मग ओटीवर बसून आजीला म्हणतात, "काय हो तुमची सेवा! अगदी सावित्री आहात. तुम्ही आहात म्हणून चाललंय." आजी हसते आणि चहा करायला आत जाते. हो, चहाही तीच करते. अर्धा तास बसून, पोहे खाऊन, पुण्य डोळ्यांनी बघून पाहुणे निघून जातात. तेवढ्या वेळात त्यांतला एक जण आबांजवळ बसला असता आणि आजीला म्हणाला असता की जा, मागच्या खोलीत तासभर पड, तर ते कौतुक मी खरं मानलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की 'त्याग', 'सेवा', 'सहनशीलता' हे शब्द आपण बऱ्याचदा मदत टाळायला वापरतो. एखाद्याला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्या हाताखाली काम करावं लागत नाही.

बायकाच सांभाळतात असंही नाही बरं का. आमच्या वाडीतले एक निवृत्त मास्तर. त्यांच्या बायकोला स्मृतिभ्रंश झालाय. ती रात्री उठून "मला माहेरी जायचंय" म्हणत दार उघडते, म्हणून मास्तर दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपतात. झोपतात म्हणजे पडतात. आयुष्यात कधी चहाचं आधण न ठेवलेला माणूस आता बायकोची वेणी घालतो. भजनाला जाणं सुटलं, पंचायतीच्या ओट्यावर बसणं सुटलं. पुरुष असल्यामुळे कोणी त्यांना 'सावित्री' म्हणत नाही एवढाच फरक. आणि लोक येतात ते "मास्तर, कुणीतरी बाई ठेवा की" असा सल्ला फुकटात देऊन जातात.

या 'बाई ठेवा'बद्दल थोडं लिहितो, कारण बहुतेक घरांत भांडण इथेच होतं. मुंबईहून काका म्हणाले, बाई ठेवू, पैसे मी देतो. आजीने साफ नाही म्हटलं. परक्या बाईने आबांच्या अंगाला हात लावलेला तिला चालणार नव्हता, आणि आबांनाही. काकांनी चिडून फोन ठेवला. झालं, सगळ्यांनी ठरवलं की आजी हट्टी आहे. शेवटी मार्ग काढला तो आत्याने. ती म्हणाली, आबांचं तूच कर, पण बाकीचं कशाला करतेस? आणि वाडीतलीच एक ओळखीची बाई पाणी भरणं, चादरी धुणं आणि दुपारची भाकरी एवढ्यासाठी लावली. आजीने कुरकुर केली, पण नाही म्हटलं नाही. आज तिला दुपारी दीड तास मिळतो. मला वाटतं मदत बऱ्याचदा चुकीच्या जागी देऊ केली जाते. माणसाला जे स्वतःच्या हाताने करायचंय ते काढून घ्यायला आपण जातो, आणि ज्याचा त्याला कंटाळा आलाय ते तसंच त्याच्या माथ्यावर राहतं.

सरकारचं काय, असा प्रश्न येणारच. सरकारी मदत अगदीच नाही असं नाही. २००७ च्या कायद्याप्रमाणे मुलांनी आईवडिलांना निर्वाहखर्च द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सुरू झाली. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान योजना लागू झाली. पण ती उपयोगी पडते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरातल्या कॉटजवळ चार वर्षं काढणाऱ्या माणसाची एक रात्र सुटी करेल अशी सोय यांत कुठेच नाही. (२०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एस.टी. फुकट झाली. आबांना फुकट आहे आणि ते जाऊ शकत नाहीत. आजीला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ती निघू शकत नाही.)

केरळ याबाबतीत पुढे आहे. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याच्या नावावर महिना ६०० रुपये द्यायची 'आश्वासकिरणम्' नावाची योजना सरकारने काढली. ६०० रुपयांत काय होतं, असं म्हणाल. बरोबर आहे, डायपरचं एक मोठं पाकीट येईल कसंबसं. पण सरकारी यादीत पेशंटबरोबर त्या माणसाचंही नाव आलं! आणि कोझिकोड, मलप्पुरम या भागांत गावातलेच स्वयंसेवक नर्सबरोबर घरोघरी जातात. त्यात कॉलेजची पोरंही असतात, आपल्याच वयाची.

आणि केरळ लांब वाटत असेल तर गोवा घ्या. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने स्मृतिभ्रंशाचे पेशंट असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. यातल्या साधारण निम्म्या घरी पंधरा दिवसांनी एकदा तरी एक कार्यकर्ता जायचा. हा मोठा डॉक्टर नव्हे. थोडं प्रशिक्षण घेतलेला, तिथली भाषा बोलणारा साधा माणूस, मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार. तो जाऊन आजार समजावून सांगायचा, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचा, घरातल्या बाकीच्यांनी काय हातभार लावावा ते बोलायचा. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांच्या मनाचं स्वास्थ्य बाकीच्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं. पेशंट बरा झाला नव्हता, होणारही नव्हता. कुणीतरी घरी आलं आणि त्याने सांभाळणाऱ्याला विचारलं, एवढंच.

आता आपल्याकडे येतो. "आम्ही हॉस्टेलवर, तीनशे किलोमीटर लांब, आम्ही काय करणार?" हे मी कट्ट्यावर ऐकलंय. अरे, फोन तर रोज करता ना! फक्त प्रश्न बदला. "कशी आहेस?" असं आजीला विचारलं की "बरी आहे" असंच येणार, ते उत्तर नव्हेच. विचारायचं असं: काल रात्री किती वेळा उठलीस? तुझ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन ये आणि किती उरल्यात ते मोजून सांग. घराबाहेर शेवटची कधी गेलीस? देवळात गेली होतीस का या महिन्यात? पहिल्या दोन दिवसांत ती म्हणेल, "परीक्षा जवळ आली वाटतं, डोक्यावर परिणाम झालाय." तिसऱ्या दिवशी खरं सांगेल.

आणि सुट्टीत रात्रपाळी. आपल्याइतकी रात्र जागायची सवय जगात दुसऱ्या कोणाला नसेल. सबमिशनच्या आदल्या रात्री चार जर्नलं उतरवून काढणारी माणसं आपण. घरी गेलं की अकरा, एक आणि तीनचे गजर आपल्या मोबाइलवर घ्यायचे आणि आजीला दुसऱ्या खोलीत झोपवायचं. मी दर सुट्टीत करतो. पहिल्या रात्री ती सवयीने तिन्ही वेळा उठून बघायला येते. चौथ्या रात्री सलग झोपते, आणि सकाळी तिचा चेहरा वेगळा दिसतो. पण आधी शिका. पेशंटला काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळ्या हाताला धरून तर कधीच नाही, खांदा निखळतो. पाठीखाली जाड चादर घालून दोघांनी ती चादर धरून सरकवायचं, सरकवता येत असेल तर उचलायचंच नाही. फिजिओथेरपिस्ट अर्ध्या तासात दाखवतात. विचारा फक्त.

मुलग्यांना एक वेगळं सांगायचंय. आजी पडली, आई आजारी झाली, तर मुलींच्या हॉस्टेलवर फोन येतो की चार दिवस ये. मुलांना फोन येतो की तू काळजी करू नकोस, परीक्षा नीट दे. आमच्या वर्गातल्या दोघींचं यंदा टर्मवर्क याच कारणाने अडलं. परीक्षा काय त्यांना नसतात? अशा वेळी भावाने आपणहून बॅग भरली तर बहिणीचं सेमिस्टर वाचतं.

स्टाफमधल्या सरांना, मॅडमना आणि ऑफिसच्या मंडळींनाही यातलं काही नवीन नसेल. आपल्या मेसमध्ये एक मावशी आहेत, साठीला आलेल्या. घरी ऐंशीच्या पुढची सासू, अंथरुणावर. पहाटे सासूचं आवरून त्या साडेसहाला कणीक मळायला हजर असतात. महिन्यातून एखाददोन दिवस त्या येत नाहीत तेव्हा पोळ्या करपतात आणि आपण मेस सेक्रेटरीच्या नावाने शंख करतो. एखाद्या पोराने त्यांना "मावशी, सासूबाई कशा आहेत?" असं विचारलेलं मी ऐकलंय. "मावशी, तुमची कंबर कशी आहे?" हे अजून ऐकायचंय.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचे विषय शोधताय ना? सेन्सर आणि ॲपवाला 'स्मार्ट' काहीतरी करून दोन दिवस टेबलावर ठेवायचं आणि मग कपाटात टाकायचं, त्यापेक्षा एखाद्या घरी जाऊन कॉटची उंची मोजा. कॉट फार खाली असली की सांभाळणाऱ्याची कंबर जाते आणि फार वर असली की पेशंटचे पाय जमिनीला टेकत नाहीत. चार पायांखाली घालायचे लाकडी ठोकळे, कॉटच्या कडेला धरायला पाइपचा कठडा, संडासात भिंतीला आडवी दांडी. आपल्या वर्कशॉपमध्ये दोन प्रॅक्टिकलचं काम आहे. मी आमच्या घरचं केलं. वेल्डिंग फार सुबक नाही, पण आबा डाव्या हाताने कठडा धरून आता स्वतः अर्धे वळतात, आणि आजीच्या वाट्याचं ओझं तेवढं कमी झालंय.

एन.एस.एस.च्या सरांशी बोलणं झालंय. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉलेजच्या आसपासच्या अशा घरांत दोघादोघांनी दुपारचे तीन तास जाऊन बसायचं, आणि तेवढ्या वेळात सांभाळणाऱ्याने बाजारात जावं, झोपावं किंवा दवाखान्यात जाऊन स्वतःचा केसपेपर काढावा. सर म्हणाले, आधी दहा नावं आणा. चौघांची झालीत. वही बी विंगच्या नोटीस बोर्डाखाली ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलंय. मुलींच्या हॉस्टेलची वही मेट्रन मॅडमकडे आहे.